टॉर्ट आणि स्त्रीवाद: नुकसानभरपाईच्या हिशेबापासून सुरुवात करा

प्रश्न: मी २८ वर्षांची आहे. एलएल.एम. ६१ टक्क्यांनी झालं. दीड वर्ष जिल्ह्याच्या गावी एका विनाअनुदानित विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई ठरवणारा अपकृत्य कायदा, शिकवते. स्त्रीवादी न्यायशास्त्रात (कायदा बायकांच्या अनुभवातून तपासणाऱ्या शाखेत) पीएच.डी. करून पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचं आहे. प्राचार्य म्हणतात, ‘फेमिनिझमच्या जागा निघत नाहीत, क्रिमिनल घ्या.’ सासरचे म्हणतात, सनद आहे तर कोर्टात जा, नाहीतर जज्जची परीक्षा दे. वर्गात ‘स्त्रीवाद’ शब्द काढला की मागच्या बाकांवर हसू फुटतं. त्यात महिला तक्रार समितीत माझं नाव घातलंय. नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दोनदा थोडक्यात हुकली. विषय बदलू का?

उत्तर: विषय बदलू नका.

प्राचार्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकतो. ‘स्त्रीवादी न्यायशास्त्र’ या नावाने जागा निघत नाही, हे खरं. पण बहुतेक ठिकाणी ती ‘क्रिमिनल’ या नावानेही निघत नाही. जाहिरातीत ‘सहायक प्राध्यापक, विधी’ एवढंच असतं आणि रुजू झाल्यावर जो पेपर रिकामा असेल तो हातात पडतो. टॉर्टची बाजू इथे भक्कम आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत अपकृत्य कायदा हा मोटार अपघात आणि ग्राहक संरक्षण यांच्यासह सक्तीचा विषय आहे. म्हणजे तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो की पाच वर्षांचा, टॉर्ट शिकवणारं माणूस प्रत्येक विधी महाविद्यालयाला लागतंच. स्त्रीवादी न्यायशास्त्र मात्र कुठे वैकल्पिक पेपर म्हणून येतं, कुठे न्यायशास्त्राच्या पेपरातलं एक प्रकरण म्हणून.

म्हणून टॉर्ट पोटासाठी आणि स्त्रीवाद मनासाठी, अशी वाटणी तुमच्या पत्रातून जाणवते ती मोडा. पुष्कळ हुशार अभ्यासक याच वाटणीपायी पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं घालवतात. स्त्रीवादावरचं वाचन एका वहीत, टॉर्टच्या नोट्स दुसऱ्या वहीत आणि दोन्ही वह्यांची भेट कधी होतच नाही. ही भेट नक्की होते ती नुकसानभरपाईत. कुणाला झालेली इजा ‘इजा’ म्हणून मोजायची आणि ती किती रुपयांची, हे न्यायालय तिथे आकड्यात लिहून ठेवतं. एरवी न्यायमूर्तींच्या मनातल्या समजुतींवर तर्क करावे लागतात. इथे बेरीज-वजाबाकी समोर असते.

पुढच्या तासाला फळ्यावर एक हिशेब मांडून बघा. ३४ वर्षांची गृहिणी अपघातात गेली. मागे नवरा आणि दोन मुलं. मोटार अपघात न्यायाधिकरणाने तिचं मानीव उत्पन्न (पगार नसताना अंदाजाने धरलेलं उत्पन्न) महिना ९,००० धरलं. वर्षाचे झाले १,०८,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निवाड्यानुसार (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवा: १,५१,२००. तिचा स्वतःवरचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करा: १,००,८००. सरला वर्मा निवाड्यातल्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे. गुणाकार १६,१२,८००. आता पहिल्या ओळीतले ९,००० पुसून तिथे ३,००० लिहा आणि बाकी सगळं तसंच ठेवा. उत्तर येतं ५,३७,६००. पावणेअकरा लाखांचा फरक फक्त पहिल्या ओळीतून पडला, आणि त्या ओळीसाठी ना पगारपत्रक असतं ना बँकेचं पासबुक. ती ओळ न्यायाधीशाच्या अंदाजावर उभी असते.

३,००० हा आकडाही हवेतला नाही. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका कार्यक्रमात लागलेल्या आगीच्या प्रकरणात, लता वाधवा निवाड्यात (२००१), सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचं मोल महिना ३,००० धरलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या दुसऱ्या परिशिष्टात तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश असं सूत्रच होतं. म्हणजे त्याच घरात तेवढंच काम करणाऱ्या दोघींचं मोल त्यांचे नवरे किती कमावतात यावर ठरायचं. २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल निवाड्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘अनुत्पादक’ म्हणून बसवलं होतं. मग ५ जानेवारी २०२१ चा कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स हा निवाडा आला. मानीव उत्पन्नावरही भविष्यातली वाढ द्यायची, हे तिथे पक्कं झालं. न्या. रमणा यांनी त्यात २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला: बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७.

याच निवाड्यात गृहिणीचं काम मोजायच्या तीन रीती सांगितल्या आहेत. ती नोकरी करत असती तर काय कमावलं असतं, ही पहिली. संसार ही बरोबरीची भागीदारी मानून नवऱ्याच्या उत्पन्नातला निम्मा वाटा, ही दुसरी. तीच कामं बाहेरून करून घ्यायला किती पडेल, ही तिसरी. मुलांना तिन्ही रीतींनी हिशेब करायला लावा आणि प्रत्येक रीत कुठे फसते ते त्यांनाच शोधू द्या. पहिलीत पदवीधर बाईने केलेला स्वयंपाक निरक्षर बाईच्या स्वयंपाकापेक्षा महाग ठरतो. दुसरीत नवऱ्याचं उत्पन्न मागच्या दाराने परत येतं. तिसरीत मोलकरणीच्या मजुरीचा दर धरावा लागतो, आणि तो दर मुळात कमी असतो तो ते काम ‘बायकांचं’ मानलं जातं म्हणूनच. शिवाय एक प्रश्न वर्गात उघडाच ठेवा: जे उत्पन्न तिच्या हातात रोख कधी पडलंच नाही, त्यातून ‘स्वतःवरचा खर्च’ म्हणून एक तृतीयांश वजा करायचा तो कशाच्या आधारावर? ही आकडेमोड संपेपर्यंत मुलं स्त्रीवादी न्यायशास्त्र शिकलेली असतात. तो शब्द मागाहून सांगा. इथे काही लपवायचं नाही. कायद्याचा विद्यार्थी निवाड्यावर विश्वास ठेवायला शिकलेला असतो, तेव्हा निवाड्यातूनच बोलणं सरळ पडतं.

मानसिक धक्क्याचं प्रकरणही असंच शिकवता येतं. पाठ्यपुस्तकात हे तीन खटले ओळीने असतात. कॉल्टस (१८८८): रेल्वे फाटकात गाडी अंगावर येता येता राहिली, बाईला धक्का बसून गर्भपात झाला, प्रिव्ही कौन्सिलने दावा फेटाळला. डुलियू (१९०१): घोडागाडी थेट दारूच्या गुत्त्यात घुसली, गल्ल्यामागे उभ्या बाईची अकाली प्रसूती झाली, दावा मान्य. बोरहिल (१९४३): एडिंबरातली मासेविक्रेती, मोटरसायकलच्या अपघाताचा आवाज ऐकून धक्का, मूल मृत जन्मलं, दावा फेटाळला. या तिघीही गरोदर होत्या. पुस्तकं ‘पूर्वकल्पना’ (इजा होईल हे आधी दिसायला हवं होतं का) आणि ‘निकटता’ (दोघांत पुरेसा जवळचा संबंध होता का) या तत्त्वांचा प्रवास सांगतात आणि ही गोष्ट जाता जाता उरकतात. अंगाला खरचटलं तर ती इजा आणि भीतीने गर्भ गेला तर तो ‘नुसता धक्का’, अशी उतरंड कुणाच्या शरीरावर उभी राहिली, हे विचारलं की वर्ग शांत होतो.

सावध राहायची जागा वॉन विरुद्ध मेनलव्ह (१८३७) आणि ‘वाजवी माणूस’, म्हणजे निष्काळजीपणा ज्या काल्पनिक माणसाच्या वागण्याशी ताडून ठरवतात तो मापदंड. तिथे ‘वाजवी स्त्री’ असा शब्द बदलून काम भागलं असं समजू नका. मग कुठली स्त्री, शहरातली की ऊसतोडीला जाणारी, हा प्रश्न लगेच पुढे येतो आणि उत्तर तयार नसलं तर पूर्ण मांडणी ढासळते. मापदंडात काळजी कुणाची आणि किती अपेक्षित धरली आहे तिकडे लक्ष वळवा.

भारतीय निवाड्यांत समीरा कोहली (२००८) सोडू नका. ४४ वर्षांची अविवाहित बाई तपासणीपुरती संमती देऊन भुलीखाली गेली. बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सज्ञान बाईची संमती तिची आई देऊ शकत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. भरपाई मात्र २५,००० आणि डॉक्टरांनी फी सोडायची. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हेही न्यायालयाने धरलं. हे २५,००० नेमके कशाचे, यावर एक पूर्ण तास जातो. त्याला जोडून संत्रा (२०००): सात मुलांच्या मजूर आईची नसबंदी करताना एकच नलिका बंद केली, आठवं मूल झालं, ५४,००० ची भरपाई कायम झाली. आणि लगोलग शिवराम (२००५) वाचून घ्या, कारण हयगय सिद्ध न होता नसबंदी फसली तर दावा उभा राहत नाही, असं तिथे म्हटलं आहे. दोन्ही बाजू न वाचता वर्गात गेलात तर एखादा तयारीचा विद्यार्थी तुम्हाला अडवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

आता पीएच.डी. ‘भारतातील स्त्रिया आणि कायदा: एक चिकित्सक अभ्यास’ छापाचं शीर्षक घेऊन मार्गदर्शकाकडे जाऊ नका. असा प्रबंध कधी संपत नाही, आणि संपला तरी कुणी वाचत नाही. विषय इतका बारीक घ्या की आधारसामग्री मोजता येईल. मोटार अपघात दाव्यांत गृहिणीच्या श्रमाचं मूल्यांकन, महाराष्ट्रातले तीन जिल्हे, प्रणय सेठीनंतरची सहा वर्षं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर न्यायाधिकरणांचे निवाडे मिळतात. जिल्ह्यामागे १०० निवाडे घ्या आणि एका तक्त्यात भरा: वय, नोंदवलेला व्यवसाय, धरलेलं उत्पन्न, ते कशावरून धरलं, वाढ दिली का, वजावट किती, गुणक किती. ‘कशावरून धरलं’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. आणि ‘व्यवसाय’ या रकान्यावर डोळा ठेवा. शेतात वर्षभर राबलेली बाई कागदावर ‘गृहिणी’ होऊन जाते, कारण सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो आणि मजुरीची पावती कुठेच नसते. तुमच्या जिल्ह्यात हे तुम्हाला जितकं दिसेल तितकं दिल्लीत बसून कुणाला दिसणार नाही.

दुसरा विषय हवा असेल तर दोन कलमं शेजारी ठेवा. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचं कलम १५ भरपाई ठरवताना पीडितेचा मानसिक त्रास आणि हुकलेली संधी बघायला सांगतं, आणि त्याचबरोबर प्रतिवादीचं उत्पन्नही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २२ मानसिक छळ आणि भावनिक क्लेशासाठी भरपाईची सोय करतं. टॉर्टमधून आलेली कल्पना कायद्याच्या पोटात शिरल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न चांगला आहे. पण अंतर्गत (तक्रार) समितीचे अहवाल गोपनीय असतात, तेव्हा सामग्री मिळायला पहिल्या विषयापेक्षा बराच जास्त त्रास होईल. आमचं मत पहिल्याच्या बाजूने आहे.

आधी नेट मात्र काढाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा राज्य पातळीवरची सेट वा स्लेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, तुमचे ६१ त्यात बसतात. दोनदा थोडक्यात हुकलंय तर बहुधा गळती पहिल्या पेपरात आहे. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, आणि त्यात गणित, तर्क आणि आकडेवारीचं विश्लेषण मिळून १५ प्रश्न. कायद्याची माणसं हे ३० गुण सोडून देतात. रोज ४० मिनिटं, दहा आठवडे, फक्त जुने प्रश्न सोडवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. दुसऱ्या पेपरात दहा घटक आहेत. टॉर्ट आणि ग्राहक संरक्षण हा पाचवा आणि न्यायशास्त्र पहिला, हे दोन तुमचे. आंतरराष्ट्रीय कायदा आणि बौद्धिक संपदा हे घटक टाळत असाल तर तिथेच दुसरी गळती आहे. जेआरएफला (नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीला) ३० वयाची अट आहे आणि महिलांना ५ वर्षांची सवलत, म्हणजे तुम्हाला अजून वेळ आहे. २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० आहे. नेटचे गुण आता पीएच.डी. प्रवेशालाही चालतात: जेआरएफ नसेल तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष धरले जातात. म्हणून निकालाआधीच मार्गदर्शकाशी बोलून ठेवा. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. सेटही भरा, पण ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच चालते.

पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. महिलांना त्यापुढे जादा मुदत आहे आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे घरच्यांना आजच सांगून टाका.

तासिका तत्त्वाबद्दल कडू पण खरं: या नोकरीची वर्षं पुढे पदोन्नतीला सहसा धरली जात नाहीत, कारण एकूण वेतन नियमित प्राध्यापकाइतकं असावं लागतं. अनुभव म्हणून तिचा उपयोग आहे, तेवढाच. तरी दर वर्षाचा नेमणूक आदेश, हजर झाल्याचा अहवाल आणि विद्यापीठाची मान्यता असेल तर तिचं पत्र, हे सगळं एका फायलीत लावा. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात हे कागद महाविद्यालयाकडून मिळत नाहीत. नियमित जागेवर लेव्हल १० ला (सहायक प्राध्यापकाची पहिली वेतनश्रेणी) मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पुढच्या लेव्हलला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, नुसतं एलएल.एम. असेल तर पाच.

लेखांची घाई करू नका. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला सात लेख लागतात आणि त्याला आठ वर्षं अध्यापनाची अटही आहे, म्हणजे वर्षाला एक चांगला लेख पुरतो. पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीने केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद केल्यापासून निवड समितीच लेख उघडून बघते, आणि तसला एक लेख बाकीच्या चांगल्या लेखांवरही संशय आणतो.

महिला तक्रार समितीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण आम्हाला काळजी तिचीच जास्त वाटते. ‘बाईंचा विषयच तो आहे’ म्हणून महिला कक्ष, तक्रार समिती, ८ मार्चचा कार्यक्रम सगळं एकीच्या गळ्यात येतं आणि तिचा प्रबंध मागे पडतो. समितीचं काम महत्त्वाचं आहे, अर्धन्यायिक आहे, आणि ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. पण तुमची नोकरी दर वर्षी नव्याने ठरते. ज्येष्ठांविरुद्ध तक्रार आली तर सर्वांत आधी दबाव तुमच्यावर येईल. लेखी नेमणूक आदेश मागा. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक आणि एक बाहेरची सदस्य आहे ना, ते बघा. नसेल तर समितीच सदोष आहे आणि तिचा निर्णय टिकणार नाही, हे प्राचार्यांना लेखी कळवा. आणि तिथे ऐकलेली कुठलीही हकीकत, नाव बदलूनसुद्धा, वर्गात किंवा लेखात आणू नका. लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचं कलम १६ ते करू देत नाही. लहान गावात तपशिलावरून माणूस लगेच ओळखू येतं, आणि ती मुलगी पुन्हा बोलायला धजत नाही.

सासरच्यांना सांगता येण्यासारखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार सनद असलेल्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. म्हणजे आज तुम्ही दोन्ही करू शकता. आठवड्यातले दोन दिवस मोटार अपघात न्यायाधिकरणात एखाद्या वकिलाबरोबर बसा, प्रबंधाची सामग्री तिथेच आहे. पूर्णवेळ पगारी नेमणूक झाली की सनद स्थगित करावी लागेल. न्यायाधीशाच्या परीक्षेला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे. ती वाट धरायची तर ही सोडावी लागेल, आणि तुमच्या पत्रात त्या वाटेची ओढ कुठेच दिसत नाही.

मुलाखतीत पाठ घ्यायला सांगितला तर गृहिणीचा हिशेब घ्या. खडू स्वतःच्या पिशवीत ठेवा. दहा मिनिटांत पाच ओळी बसतात. पहिली ओळ कोरी सोडून समितीतल्या कुणाला तरी आकडा विचारा, आणि ते जो सांगतील त्यावरच पुढचा गुणाकार करा.